स्कॅन केल्यावर आलेलं नाव वाचा

गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंती गुरुवारीच आली होती, ४ डिसेंबरला. ज्यांच्या घरात फुलांचा धंदा आहे त्यांना एवढ्यावरून तो दिवस कसा असतो ते कळेल. सांगलीत आमच्या आईचा हार-फुलांचा गाडा आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडणाऱ्या बायका वेणी, गजरा, सुटी फुलं आणि पाच झाडांचे डहाळे घ्यायला सकाळी सहापासून येतात. त्यात दत्तजयंती, म्हणजे नरसोबाच्या वाडीला निघालेली माणसं गाडी बाजूला घेऊन हार घेणार आणि पुढे जाणार. आई आदल्या रात्री दोनपर्यंत हार ओवत बसली होती.

संध्याकाळी सातला दादाची पाळी सुटली. तो कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे, तिथे मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. गाड्याचा क्यूआर त्याच्याच खात्याचा असल्यामुळे पैसे आल्याचे मेसेज त्याच्या फोनवर येतात. त्या दिवशी फोन हातात घेतला तर एकही मेसेज नव्हता. त्याने आईला विचारलं, "आज कुणी ऑनलाइन पैसे दिले न्हाईत काय?"

आई म्हणाली, "दिले की. निम्म्याच्या वर लोकांनी स्कॅनरवरच दिले. समद्यांनी मोबाइल दावला मला. हिरवी खूण बघितली मी."

खूण खरी होती, पैसेही खरोखरच गेले होते. गाड्याच्या खांबावर आमचा जो क्यूआर चिकटवलेला होता, त्याच्यावर कुणीतरी अगदी त्याच मापाचा दुसरा क्यूआर चिकटवून गेलं होतं. दादाने नखाने कोपरा उचलला तेव्हा खालून आमचा जुना कागद निघाला, हळदी-कुंकवाच्या डागांसकट.

आईने हिशोब मालावरून लावला. किती हार ओवले, किती गजरे होते, टोपलीत काय उरलं. साधारण सहा हजारांचा माल गेला होता आणि पिशवीत रोख दोन हजार दीडशे. म्हणजे पावणेचार हजारांच्या वर रक्कम कुणा तिसऱ्याच्याच खात्यात जाऊन पडली होती. फुलं उधारीवर आणलेली, ते पैसे दुसऱ्या दिवशी द्यायचेच होते.

चोराबद्दल मला फार लिहायचं नाही. चोर हा त्याचं काम करून गेला. मला त्या दिवसापासून छळतंय ते वेगळं आहे. त्या दिवशी किमान साठ-सत्तर माणसांनी तो कोड स्कॅन केला असेल. प्रत्येकाच्या फोनवर रक्कम टाकायच्या आधी ठळक अक्षरांत एक नाव आलं. पिनच्या पानावर ते पुन्हा आलं. ते नाव आईचं नव्हतं आणि दादाचंही नव्हतं. साठ-सत्तर माणसांनी ते नाव डोळ्यांसमोर असताना वाचलं नाही. वाचलं असेल तर "मावशी, हे कोण?" असं एकानेही विचारलं नाही.

मला आधी त्या सगळ्यांचा राग आला. मग मी पुण्यात रोज जिथे चहा घेते ती टपरी आठवली. टपरीवर एक नाव, स्कॅन केल्यावर दुसरंच नाव, आणि मी दोन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. भाजीवाल्या काकूंचा कोड जावयाच्या नावावर, इस्त्रीवाल्याचा पुतण्याच्या, झेरॉक्सवाल्याचा त्याच्या भागीदाराच्या. खातं ज्याचं चालू असेल, मोबाइल ज्याच्याकडे चांगला असेल, त्याच्या नावाने कोड निघतो. त्यामुळे आपल्याला रोज अनोळखी नावं दिसतात आणि ती सगळी बरोबर असतात. रोज बरोबर निघणारी गोष्ट कोण तपासतो? आमच्या गाड्याचं तेच होतं. गाडा आईचा, कोड दादाच्या नावाचा. एखाद्याने त्या दिवशी नाव वाचलं असतं तरी "असेल मावशींच्या पोराचं" म्हणून पिन टाकला असता. म्हणून मी हा दोष गिऱ्हाइकावर एकट्यावर टाकत नाही. यात आमचाही वाटा आहे, आणि कोड वाटत फिरणाऱ्या कंपन्यांचाही. नुसता चौकोन छापून हातात देतात. पैसे कुणाच्या नावावर जमा होतात ते खाली मराठीत मोठ्या अक्षरांत छापून का देत नाहीत?

हा चौकोन मुळात कशासाठी जन्माला आला ते पाहिलं की गोष्ट नीट समजते. जपानमध्ये डेन्सो या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये क्यूआर कोड तयार केला. कारखान्यात भागांच्या खोक्यांवर बारकोड असत, पण एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावत, म्हणून कामगारांना एकेका खोक्यावर अनेक बारकोड वाचत बसावं लागे. हारांनी आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी माहिती भरली आणि एका चौकोनात सात हजारांहून जास्त अंक मावू लागले. तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन आहेत ना, ते यंत्राला 'मी इथे आहे, अमुक बाजूने वाच' असं सांगतात. त्यांच्यावरून सरळ रेघ ओढली तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असं येतं. हे प्रमाण त्यांनी ढीगभर छापील कागद धुंडाळून निवडलं, कारण इतर मजकुरात ते सगळ्यात कमी वेळा सापडत होतं. आजूबाजूच्या छपाईला यंत्राने चुकून कोड समजू नये, म्हणून एवढा खटाटोप.

कारखान्यात तेल उडणार, कागद फाटणार, हे धरूनच तो बनवला होता. सर्वांत भक्कम प्रकारात साधारण तीस टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्या भागातून गणिताने पूर्ण माहिती परत काढता येते. आमच्या गाड्यावरचा कागद दिवसभर पाण्याचे शिंतोडे झेलतो, त्याला कुंकवाची बोटं लागतात, एक कोपरा उंदराने खाल्ला होता, तरी तो चालायचा. मला त्याचं फार कौतुक होतं. डेन्सोने पेटंट स्वतःकडे ठेवूनही त्याचे हक्क कुणाकडे मागितले नाहीत, म्हणून तो जगभर फुकट वापरता आला. त्या उदारपणाचा फायदा आज माझ्या आईपर्यंत पोचला आहे, हे मी विसरत नाही.

पण त्या चौकोनाला स्वतःचं सांगायचं असतं ते एवढंच: आत काय लिहिलंय. तो कुणी चिकटवला, कुठे चिकटवला, हे त्याला माहीत नसतं. दुकानातल्या कागदी कोडात एक यूपीआय पत्ता असतो, एक नाव असतं, बहुतेक वेळा रक्कमही नसते. तो कोड मंदिरासमोर लावा नाहीतर पेट्रोल पंपावर, पैसे त्याच पत्त्यावर जाणार. आणि माणसाच्या डोळ्याला तो वाचता येत नाही. दोन कोड शेजारी ठेवले तर आईचा कुठला आणि चोराचा कुठला, हे मीही सांगू शकणार नाही, आणि माझी नोकरी कॉम्प्युटरवरची आहे. साध्या पाटीवर कुणी दुसरं नाव चिकटवलं असतं तर आईने सकाळीच ओळखलं असतं. तिला मराठी वाचता येतं. हा चौकोन मात्र आपल्या सगळ्यांनाच निरक्षर करतो आणि फोनकडून वाचून घ्यायला लावतो. फोन वाचून दाखवतो ते नाव, हीच काय ती आपल्या हातातली पाटी.

आणि ते नाव आता पूर्वीपेक्षा भरवशाचं आहे. पूर्वी काही ॲप कोडात लिहिलेलं किंवा आपण फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव दाखवायची. २०२५ मध्ये एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, नियम केला की माणसाला किंवा छोट्या दुकानदाराला पैसे पाठवताना बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, आणि ३० जून २०२५ ही त्याची मुदत होती. म्हणजे चोर कोड कितीही सुबक छापू दे, त्यावर 'मावशींचा फुलांचा गाडा' असंही लिहू दे, ज्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव त्याला दडवता येत नाही. एवढं हत्यार आपल्या हातात दिलंय आणि आपण ते बघतच नाही.

हे एकट्या आमच्याच बाबतीत झालेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला एका रात्रीत बऱ्याच दुकानांवरचे कोड असेच बदलले होते, पेट्रोल पंपही त्यात होता. सकाळी गिऱ्हाइकाला दुसरंच नाव दिसलं आणि तिथे ते उघडकीला आलं. तिथे नाव दिसलं, आमच्याकडे दिसलं नाही, फरक तेवढाच.

आता तक्रारीचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. दादाने त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लावला. पहिला प्रश्न: व्यवहाराचा क्रमांक काय? बारा अंकी यूटीआर क्रमांक असतो, तो. आमच्याकडे तो असणार कुठून? आमच्या खात्यातून एक रुपया गेलेला नाही, आमच्या खात्यात आलेलाही नाही. कागदोपत्री आमचं काही घडलेलंच नाही. पैसे गेले गिऱ्हाइकांच्या खात्यांतून, आणि त्यांचं म्हणाल तर त्यांना हार मिळाला, देवाला वाहिला, विषय संपला. वीस रुपयांच्या गजऱ्यासाठी पोलिसात कोण जाईल? दुसऱ्या दिवशी दादा बँकेत गेला तर पोलिसांकडे जा म्हणाले, चौकीत गेला तर बँकेचं पत्र आणा म्हणाले. त्याची एक दिवसाची हजेरी बुडाली.

तिसऱ्या दिवशी आमच्या रोजच्या गिऱ्हाईक असलेल्या एक निवृत्त बाई आल्या. गुरुवारी त्यांनीही वेणी नेली होती. आईने सांगितल्यावर त्या तिथेच फूटपाथवर थांबल्या, चष्मा काढून जुने व्यवहार उघडले आणि नाव वाचलं. दोनदा वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मी पाहिलंच नाही हो." त्यांनी स्वतःच्या नावाने तक्रार दिली, तीस रुपयांची. तेवढ्या एका व्यवहारावर आमची तक्रार उभी आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

हे वाचून कुणी म्हणेल, मग रोखच बरी. मी तसं म्हणणार नाही. सुट्ट्यांवरून होणारी रोजची भांडणं कोडमुळे गेली. गिऱ्हाईक "सुटे नाहीत" म्हणून गजरा परत ठेवून जात नाही. पैसे आले की मोठ्याने सांगणारा, तो बोलणारा डबा घ्या असंही अनेकांनी सुचवलं, आणि घेता आला तर जरूर घ्यावा. आम्ही घेतला होता, महिन्याचं भाडं कापलं जायचं म्हणून परत केला होता. पावसाळ्यात चार-चार दिवस गाडा लागत नाही, तेव्हाही भाडं चालूच. आता पुन्हा घेतलाय, पण माझं मत ठाम आहे: फूटपाथवरच्या विक्रेत्याला त्याचे स्वतःचे पैसे आले का हे कळायला भाडं भरावं लागू नये.

डब्याशिवायचा उपाय आईनेच काढला आणि तो मला जास्त आवडला. माझ्या भाचीची जुनी पाटी होती, ती खांबाला बांधली. त्यावर खडूने लिहिलंय: 'पैसे भरताना हे नाव यायला पाहिजे', आणि खाली दादाचं पूर्ण नाव, बँकेत आहे तसंच. रोज सकाळी गाडा लावला की आई शेजारच्या रिक्षावाल्याला एक रुपया पाठवायला सांगते, नाव बघते, त्याला एक रुपया हातात देते, मगच भवानी.

माझी ओळखीतल्या सगळ्यांना विनंती आहे. स्कॅन केल्यावर रक्कम टाकायच्या आधी आलेलं नाव तोंडाने म्हणा. मोठ्याने. "अमुक अमुक, बरोबर का?" दोन सेकंद लागतात. तुमचे पैसे वाचतील म्हणून सांगत नाही, तुमचे तर जाणारच आहेत. समोरच्याला ते मिळतील म्हणून सांगते. तुमचा स्वतःचा धंदा असेल तर कोडखाली नाव लिहा आणि तो हाताला येणार नाही अशा जागी लावा, किंवा रात्री घरी न्या. आणि तुमच्या आई-वडिलांना हेही सांगून ठेवा की पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. 'तुमचे पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा' असं जो म्हणतो तो पैसे काढतोय.

परवा मी सांगलीला गेले होते. संध्याकाळी गाड्यापाशी बसले होते. कॉलेजची एक मुलगी आली, निशिगंधाचा गजरा घेतला, फोन धरला आणि बोट पिनकडे निघालं.

आई म्हणाली, "थांब गं बाळ. नाव काय आलंय?"

मुलीने पाटीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि दादाचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट वाचलं.

"हां," आई म्हणाली, "माझा थोरला. दाब आता."