स्प्रे मारल्यावर कुकू घड्याळ चालू लागलं, म्हणजे दुरुस्त झालं का?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की कुकू घड्याळाच्या (दर तासाला पक्षी बाहेर येऊन ओरडतो त्या भिंतीवरच्या घड्याळाच्या) मशीनवर गंज काढायचा स्प्रे मारू नका हा लेखातला सल्ला म्हणजे बागुलबुवा आहे. तुम्ही स्प्रे मारला, घड्याळ चालवणारं जे वजन साखळीला टांगलेलं असतं त्यात थोडी भर घातली आणि बंद पडलेलं घड्याळ चालायला लागलं. शिवाय दर वेळी कारागीर कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

घड्याळ चालू लागलं हे खरंच, पण कशामुळे? स्प्रेमधलं पातळ द्रावण जुनं, चिकट झालेलं तेल सैल करतं, म्हणून चाकं सुटतात. मात्र मळ तिथेच राहतो. द्रावण उडून गेलं की तोच मळ पुन्हा घट्ट होतो. त्याहून वाईट म्हणजे पितळेची बारीक पूड आणि धूळ आता पातळ होऊन थेट आसांच्या, म्हणजे चाकांच्या दांड्यांच्या, टोकांशी जाते आणि ती टोकं ज्यांत फिरतात ती भोकं पॉलिश पेपरसारखी घासत राहते. पितळी प्लेटमधल्या प्रत्येक भोकाभोवती एक उथळ वाटी असते. घड्याळाचं तेल त्या वाटीत थेंबाने टिकून राहतं. स्प्रेचा पातळ थर सगळ्या प्लेटवर पसरला, की नंतर घातलेलं चांगलं तेलही वाटीत न थांबता पसरतं आणि आस कोरडाच राहतो.

जादा वजनाचंही तेच. एका दिवसाच्या (रोज साखळी ओढावी लागते त्या) घड्याळाला साधारण 275 किंवा 320 ग्रॅमचं वजन असतं, आठ दिवसांच्याला किलोच्या वर. जेवढं दिलंय तेवढ्यावर ते चालायलाच हवं. चालत नसेल तर कुठेतरी घर्षण वाढलंय. वजन वाढवून आपण ते घर्षण कमी करत नाही, त्यावर मात करतो आणि झीज वाढवतो.

आणखी एक शक्यता आहे. स्प्रे मारण्यासाठी तुम्ही घड्याळ भिंतीवरून उतरवलं, मग परत टांगलं. पुष्कळ घड्याळं नुसती तिरकी टांगल्यामुळे बंद पडतात. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं हवं. कान देऊन ऐका, लंगडी टिकटिक येत असेल तर घड्याळाच्या पेटीचा खालचा भाग किंचित डावीकडे-उजवीकडे सरकवून पाहा. दर तासाला ठरावीक जागीच थांबत असेल तर काटे एकमेकांना घासताहेत का, पक्ष्याच्या दाराची तार अडकून राहिली आहे का, ते आधी बघा. कधीही, कुठेही थांबत असेल तर मात्र मळाचा किंवा झिजेचा संशय धरावा.

झीज डोळ्यांना दिसते. मशीन बाहेर काढून हातात धरा, साखळीचं चाक बोटाने मागे-पुढे दाबा आणि आसाच्या टोकाकडे पाहा. टोक भोकात बाजूला सरकत असेल तर भोक लांबट झालंय, तिथे नवीन बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, बसवावा लागतो. तेवढं काम कारागिराचं.

बाकी घरी करता येतं, इथे तुमचं म्हणणं रास्त आहे. हवा ढकलून पक्ष्याचा आवाज काढणारे भाते तपासायला कारागीर लागत नाही. वरची फळी बोटाने उचलून सोडा. शिट्टी वाजवत हळू खाली आली तर ठीक, धपकन पडली आणि आवाज आला नाही तर भाता गळतोय. त्यावर चिकटपट्टी लावू नका. घडीपाशी ती ताठ होते आणि लवकरच सुटते. जुना कागद खरवडून पातळ चामडं किंवा भात्याचं कापड पांढऱ्या गोंदाच्या पातळ थराने बसवा. घडीवर गोंद येऊ देऊ नका. भात्यावर स्प्रे उडाला असेल तर तेलकट कागदावर नवीन गोंद धरत नाही, म्हणून तो भाग आधी काढावाच लागेल.

आता तुमच्या घड्याळापुरतं: जादा वजन आजच काढा. मूळ वजनावर थांबलं तर चालवत ठेवू नका. मशीन पूर्ण सुटं करून धुवावं लागेल. प्रत्येक भोकात टोकदार लाकडी काडी फिरवायची, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने, वाटी अर्धीच भरेल एवढं. चाकांच्या दात्यांना आणि साखळीला तेल अजिबात नको. घड्याळ उतरवण्याआधी साखळ्या मशीनच्या तळाशी बारीक तारेने ओवून बांधा, नाहीतर घड्याळ आडवं होताच त्या दात्यांवरून सुटतात.