सोडलेली सिगरेट परत धरायची सोपी रीत

अभिनंदन. सिगरेट सोडलीत म्हणे. अख्ख्या वाड्याला कळलंय, कारण तुम्हीच व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला मोडलेल्या सिगरेटचा फोटो टाकला होता आणि खाली हात जोडलेले. पण सोडण्यात काय मोठं, सोडतात सगळेच, रात्री झोपताना तर प्रत्येक ओढणारा सोडतो. खरी कला आहे ती परत धरण्यात, आणि तीसुद्धा अशी की आपण परत धरली असं कुणाला म्हणता येऊ नये, स्वतःला तर नाहीच नाही. याबद्दल कुणी मार्गदर्शन करत नाही म्हणून हा खटाटोप.

आधी तुमची सामाजिक जबाबदारी समजून घ्या. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदीचा कायदा आपल्या गोव्याने १९९७ सालीच केला, देशाचा तंबाखूचा कायदा आला २००३ ला. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांत तंबाखू ओढणारे-खाणारे सगळे धरून गोव्यात ९.७ टक्के निघाले, देशात सगळ्यात कमी. म्हणजे पात्राव, तुम्ही अल्पसंख्याक आहात आणि त्यातून सुद्धा गळायला निघालात. पोर्तुगीजांनी कुठून कुठून गलबतं भरून मिरची आणली, काजू आणला, तंबाखू आणला, त्यातलं मिरची आणि काजू आपण अजून जिवापाड सांभाळतोय, मग तंबाखूनेच काय घोडं मारलंय?

आता मुद्द्याचं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, डोकं ठणकतं, पोट साफ होत नाही, बायकोने चहा ठेवू का विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटतं, मग ते उतरत जातं आणि तीन-चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. हे मुद्दाम सांगतोय कारण महिना उलटून गेला की निकोटिनच्या नावाने बिल फाडता येत नाही. तलफेचंही तसंच. ती येते आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत निघूनही जाते, ओढा की नका ओढू. म्हणून तलफ आली की घाई करायची. उगाच पाणी पिऊ नका, पेल्यातलं कोकम सरबत घोट घोट संपवत बसू नका, गच्चीवर चक्कर मारू नका, कुणाला फोन लावू नका, कारण यातलं काहीही केलं की पाच मिनिटं निघून जातात आणि मग ओढायला काही कारणच राहत नाही, नुसतेच बसून राहता. त्यापेक्षा सरळ चप्पल घाला आणि गाड्यावर या. तिथे दोरीला लायटर लटकवलेला असतोच, गाडेवाला तुमचा ब्रँड विसरलेला नसतो, तुम्हाला लांबून बघूनच त्याचा हात पाकिटाकडे जातो. एवढी आपुलकी आजकाल घरी तरी कुठे मिळते.

तिथे म्हणायचं एकच वाक्य, ‘एकच दे.’

या एकच मध्ये सगळं शास्त्र आहे. एक म्हणजे काय, वीसच्या पाकिटाचा विसावा भाग, म्हणजे धोकाही विसावा, असा हिशेब आपण शाळेत शिकलोय ना. डॉक्टर लोक म्हणतात की रोज एकच ओढणाऱ्यालासुद्धा हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो, विसावा-बिसावा काही नाही. पण डॉक्टर लोकांचं गणित वेगळं, आपलं वेगळं. तेच लोक असंही सांगतात की सोडून वर्ष झालं की हा जादा धोका निम्म्यावर येतो. बघा, म्हणजे वर्षभरात खात्यात चांगलीच बचत जमली! ती खर्च नको का करायला?

तरीही एकट्याने गाड्यावर जायला संकोच वाटत असेल तर जत्रेच्या नाटकात काम घ्या. याहून खात्रीचा मार्ग माझ्या तरी बघण्यात नाही. गावात तालीम नऊची सांगतात आणि सुरू होते साडेदहाला, कारण हिरो वेर्ण्याला कंपनीत, त्याची शिफ्ट सुटून तो फोंड्यापर्यंत येईस्तोवर बाकीच्यांनी करायचं काय? तर सगळे देवळाच्या अग्रशाळेच्या मागे. मंडपात उरतात प्लास्टिकच्या खुर्च्या, वही घेतलेला प्रॉम्प्टर आणि सिगरेट सोडलेले तुम्ही. आणि महत्त्वाचं सगळं मागेच चालतं हो, कुणाची भूमिका काढून कुणाला दिली, कमिटीत कोण कुणाशी बोलत नाही, नाटकातली बाई कुठून आणायची आणि तिचे पैसे कुणी द्यायचे, दिग्दर्शकसुद्धा मागेच. तेव्हा तुम्ही नुसतं कंपनी म्हणून मागे जायचं, हात खिशात घालून. मग सीन रंगवणारा तुम्हाला हाक मारणार, त्याचे दोन्ही हात रंगाने भरलेले, म्हणणार, ‘बाबा, तू ओढू नको रे, मला फक्त पेटवून दे.’ आता पेटवायची म्हणजे एक झुरका आत घ्यावाच लागतो, त्याशिवाय ती पेटत नाही, याला तुम्ही काय करणार? हा झुरका परोपकारात मोडतो. दुसऱ्या रात्री त्याचे हात स्वच्छ असतील तरी विचारायचं, पेटवून देऊ का म्हणून. आणि दिग्दर्शकाला गळ घालून खलनायकाचं काम मिळवलंत तर प्रश्नच मिटला, सिगरेट ही भूमिकेची गरज होते, बायको पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते.

जत्रा लांब असेल तर मार्च ते मे हुर्राकचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे, दिवस आहेतच. ग्लासात हुर्राक, वर लिमका, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, समोर मित्र, पहिल्या ग्लासाला तुम्ही सगळ्यांना फुफ्फुसांवर भाषण देता, दुसऱ्याला नुसता वास घेता, तिसऱ्याला कुणाची तरी हातातनं घेऊन ‘बघ, मला आता काहीच वाटत नाही’ हे सिद्ध करून दाखवता. सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे दारूपासून लांब राहा असा सल्ला देतात तो याचसाठी, म्हणून तो अजिबात मानू नका. आणि मित्राची ओढलेली सिगरेट तुमच्या हिशेबात धरायची नसते हे तर लहान मुलालाही कळतं, पैसे त्याने दिलेत.

निकोटिनचा गम घेतला असेल तर तो चुकीचा वापरा. बरोबर पद्धत अशी आहे म्हणे की हळूहळू चावायचा, जिभेला चुरचुर लागली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास, आणि आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेस्तोवर चहा-कॉफी घ्यायची नाही. एवढी शिस्त असती तर आपण सुरूच कशाला केली असती. तुम्ही आपला तो लग्नातल्या बडीशेपेसारखा कचाकच चावा, वर गरम चहा प्या, मग उचकी लागेल, पोटात ढवळेल, आणि ‘गम आपल्याला सूट होत नाही’ असं फार्मसीवाल्याला तोंडावर सांगून मोकळे व्हा.

राहिलं मोटिव्हेशन. ते टिकवायचं असेल तर कारण नेहमी मोठं आणि गोलमोल ठेवा, तब्येतीसाठी, कुटुंबासाठी वगैरे, अशी कारणं कुणाला कधी टोचत नाहीत. पणजीला मारुतीगडाच्या पायऱ्या चढताना मध्ये दोनदा थांबलात, धाप लागली होती आणि देवळाची रंगसफेदी बघितल्यासारखं केलंत, बरोबरची सहा वर्षांची पोर वरून ओरडत होती ‘पपा ये ना’, हे मात्र कुठे लिहून ठेवू नका, कुणाला बोलू नका, कारण ते आठवलं की हातातली विझवावीशी वाटते. मोबाईलवर ते पैसे वाचल्याचं अॅप ठेवायला हरकत नाही, त्याने आकडा मोठा दाखवला की तुम्हाला एक पाकीट परवडतं हे लगेच लक्षात येतं. घरातही एक पाकीट असू द्या, पाहुण्यांसाठी. पाहुणे ओढत नाहीत हा पाहुण्यांचा प्रश्न.

आणि शेवटचं, स्वतःसाठी सिगरेट नेहमी सुट्टी, एकेकच घ्या. पाकिटावर पंचाऐंशी टक्के जागेत ते चित्र असतं, जेवण जात नाही बघितलं की, आणि त्याच्या बरोबर नंबर छापलेला असतो १८००-११-२३५६, फुकट लागतो. तिकडची माणसं रागावत वगैरे नाहीत, तीच तर खरी अडचण, नीट ऐकून घेतात आणि सोडायची तारीख ठरवायला लावतात. चुकून लागलाच फोन तर गणपतीची चवथ झाल्यावर म्हणून सांगा, चवथीला माणसं येतात, बरं दिसत नाही. चवथीनंतर लगेच का, असं विचारलं तर जत्रा आहे, मग डिसेंबर, मग शिगमो, मग हुर्राक. आणि कुठल्या वर्षीची चवथ असं विचारलं तर हॅलो हॅलो करून ठेवून द्या. सत्तरी तालुक्यात आहे म्हणावं, इथे रेंज नसते.