चंद्रावरची विवरे पौर्णिमेला सर्वांत स्पष्ट दिसतात का? एक खुलासा

‘चंद्रावरची विवरे पाहायची असतील तर पौर्णिमेचीच रात्र निवडावी’ असा एक संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्राच्या आपल्याकडील बाजूवर जवळजवळ समोरून पडतो, सावल्या दिसेनाशा होतात आणि उंचसखलपणाचा अंदाजच येत नाही. शिवाय दुर्बिणीतून त्या प्रकाशाने डोळे दिपतात, ते वेगळेच.

विवरे पाहावीत ती उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेलगत, कारण तिथे सूर्य नुकताच उगवत किंवा मावळत असल्याने लहानशा उंचवट्याचीही लांबलचक सावली पडते. सुमारे ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर शुद्ध नवमी-दशमीच्या सुमारास पाहिले, तर त्याचा तळ काळोखात बुडालेला आणि कडेच्या पायऱ्या मात्र उजळलेल्या दिसतात, आणि ही सीमारेषा विषुववृत्तापाशी ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने सरकत असल्यामुळे तासा-दोन तासांतही दृश्य पालटते. पौर्णिमेला तेच विवर निव्वळ एक पांढुरका डाग वाटतो.

अर्थात पौर्णिमा अगदीच वाया जात नाही. टायको विवरापासून दूरवर पसरलेले तेजस्वी पट्टे त्याच सुमारास उठून दिसतात.