‘लघवीच्या गोळी’विषयीचा संदेश आणि चुकलेला नेम

उच्च रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या मूत्रल, म्हणजे लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या औषधांविषयीचा एक संदेश सध्या भराभर पुढे पाठवला जात आहे. ‘लघवीची गोळी’ मूत्रपिंडे झिजवते, हाडांतले कॅल्शियम धुऊन नेते, मधुमेह लावते. म्हणून रोज चार-पाच लिटर पाणी प्यावे आणि रक्तदाब आटोक्यात आला की गोळी सोडून द्यावी, असा त्याचा आशय आहे. या औषधांना दुष्परिणाम नाहीत, असे कोणी म्हटले तर तेही खोटेच. परंतु संदेशाने बोट ठेवले आहे ते बहुतेक भलत्याच जागी, आणि सुचवलेला उपाय तर खऱ्या धोक्यात भर घालणारा आहे.

गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मोजण्यासाठी रक्तात तपासला जाणारा टाकाऊ घटक) थोडे वाढू शकते, हे खरे. शरीरातले मीठ-पाणी कमी झाल्याने मूत्रपिंडाच्या गाळणीवरचा दाब उतरतो, त्याचा हा परिणाम असतो आणि तो सहसा टिकून राहत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्लिक’ चाचणीत चौथ्या टप्प्यातील मूत्रपिंडविकाराच्या १६० रुग्णांचा अभ्यास झाला. क्लोरथॅलिडोन हे मूत्रल औषध घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब बारा आठवड्यांत सरासरी ११ अंकांनी उतरला. काहींचे क्रिएटिनिन वाढले, पण ती वाढ पूर्ववत होणारी होती. मूत्रपिंडांना खरी इजा होऊ शकते ती वेगळ्याच जुळणीने : मूत्रल गोळी, नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेली रक्तदाबाची गोळी, आणि त्यांच्या जोडीला अंगदुखीसाठी परस्पर घेतलेले आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. संदेशात याबद्दल अवाक्षरही नाही.

कॅल्शियमचा दावा सरळ उलटा आहे. रक्तदाबासाठी मुख्यत्वे वापरली जाणारी थायझाइड गटातील औषधे लघवीवाटे जाणारे कॅल्शियम कमी करतात, म्हणूनच कॅल्शियमचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांनाही ती दिली जातात. कॅल्शियम बाहेर टाकते ते फ्युरोसेमाइड हे दुसरे मूत्रल औषध. त्याचा गट निराळा.

मधुमेहाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. २००२ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘ऑलहॅट’ चाचणीत, आरंभी मधुमेह नसलेल्यांपैकी क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या ११.६ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर चार वर्षांनी १२६ किंवा त्याहून अधिक निघाली. रक्तदाबाच्याच इतर औषधांपैकी अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.८ टक्के होते आणि लिसिनोप्रिल घेणाऱ्यांत ८.१. हा फरक दडवण्याचे कारण नाही. पण त्याच चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच राहिले, आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांत सर्वांत कमी होते. ज्याची साखर आधीच काठावर आहे किंवा ज्याला गाउट या सांधेदुखीचा त्रास आहे (ही औषधे युरिक अॅसिडही वाढवतात), त्याने डॉक्टरांना तसे सांगून दुसरे औषध मागणे रास्तच ठरेल.

आता पाण्याचा सल्ला, जो मला सर्वांत घातक वाटतो. थायझाइडमुळे लघवी पातळ करण्याची मूत्रपिंडांची क्षमता घटते. अशा वेळी गरजेपेक्षा जास्त प्यायलेले पाणी शरीरात साचते आणि रक्तातले सोडियम विरळ होते. हा प्रकार बहुधा पहिल्या काही आठवड्यांत घडतो आणि वयस्कर, अंगाने किरकोळ स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. त्याचे रूपही फसवे असते. आजी दुपारभर पेंगतात, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, न्हाणीघराकडे जाताना त्यांचा तोल जातो, आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. तपासणीत सोडियम १३५ ते १४५ या मर्यादेच्या बरेच खाली, १२० च्या आसपास निघते. अशा अवस्थेत त्यांना आणखी दोन पेले पाणी पाजणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

या औषधांनी पोटॅशियम घटले तर स्नायूंत गोळे येतात आणि हृदयाची लय बिघडू शकते, हीही खरी काळजीची बाब आहे. पण स्पायरोनोलॅक्टोन हे वेगळ्या प्रकारचे मूत्रल औषध घेणाऱ्याचे पोटॅशियम उलट वाढते. त्याने पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे’ मीठ स्वतःहून सुरू करणे धोक्याचे आहे. घटले की वाढले, हे जिभेला किंवा लघवीच्या रंगाला कळत नाही. त्यासाठी औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी करावी लागते.

राहिला गोळी सोडण्याचा सल्ला. रक्तदाब आटोक्यात आला आहे तो गोळी चालू असल्यामुळे, आणि ती बंद केल्यावर बहुतेकांचा रक्तदाब पुन्हा चढतो. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असताना ती काही दिवस थांबवावी लागू शकते. मात्र केव्हा थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे आपण बरे असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावे.