छत्तीस की त्रेसष्ट

गेल्या रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास मी बॉस्टनमधल्या एका घराच्या खिडकीतून खाली पडलो. ढकलणारा माणूस नव्हता, पलंग होता. साल १९२०च्या आसपासचं होतं आणि माझ्या हातात भडंगाची वाटी होती.

भडंग कोथरूडातलं, पलंग खेळातला. पडल्याचं मला काही वाटत नाही. पण मी पडलो की नाही यावर जो पाऊण तास वाद झाला, त्यात चहाची दोन आधणं संपली.

आम्ही पाच जण गेली सहा वर्षं दर रविवारी, म्हणजे प्रत्यक्षात महिन्यातल्या एखाद्या रविवारी, डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना हे खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे 'मग मी असं करतो' म्हणतात, आणि ते जमलं का हे फासा सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हे बाजारात आणलं. माझ्या आजीच्या मते याहून पत्ते बरे, निदान डाव संपतो तरी.

या खेळात वीस बाजूंचा फासा असतो आणि त्यावर जितकं जास्त पडेल तितकं चांगलं. वीस पडला की आम्ही असे ओरडायचो की खालच्या मजल्यावरचे काका 'मॅच कुठली चालू आहे?' म्हणून विचारायला वर यायचे. सहा वर्षांत हातापायांना, घशाला, सगळ्याला ती सवय लागली होती. आणि अशात नान्याने, म्हणजे आमच्या गोष्ट सांगणाऱ्याने, जाहीर केलं की आता नवीन सिस्टिम ट्राय करू या.

'कॉल ऑफ क्थुलू.' हा खेळ १९८१ सालचा, केओसियम कंपनीचा, सँडी पीटरसनने लिहिलेला. एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर बेतलेला. क्थुलू हे त्यातल्या एका अक्राळविक्राळ देवाचं नाव. ते माणसाच्या घशातून धड निघू नये अशीच लव्हक्राफ्टची योजना होती म्हणे. 'ळ', 'ज्ञ' आणि 'ऱ्ह' लीलया म्हणणाऱ्या आम्हा मराठी माणसांना एका जोडाक्षराची काय भीती, असं आम्हाला वाटलं. चौघांनी चार उच्चार केले. आजीने आतून विचारलं, ''कोणाला उलटी होतेय रे?''

पहिला रविवार नुसता कॅरेक्टर शीट, म्हणजे आपापल्या पात्राचे तक्ते, भरण्यात गेला. यात प्रत्येक कौशल्याला टक्के असतात. दडलेलं दिसणं पंचवीस टक्के, प्रथमोपचार तीस, आणि ग्रंथालय वापरणे वीस. हो, ग्रंथालय वापरणं हे इथे कौशल्य आहे. पुण्यातल्या एखाद्या ग्रंथपालाकडून 'पुस्तक बाहेर गेलंय' हे उत्तर न ऐकता ज्याने कधी पुस्तक मिळवलंय, त्याला हे निराळं समजवायला नको. मी जुन्या पुस्तकांचा जाणकार झालो होतो, म्हणून त्यात मी सगळे पॉइंट ओतले आणि साठ केले.

खरी गंमत पुढे. प्रत्येक टक्क्याच्या शेजारी दोन बारक्या चौकटी. एकीत त्याचं निम्मं लिहायचं, दुसरीत पाचवा हिस्सा. काम अवघड असलं तर निम्म्याच्या आत पडायला हवं, फारच अवघड असलं तर पाचव्या हिश्शाच्या आत. एक इंजिनिअर, एक वकीलीण, एक दाताचा डॉक्टर आणि बँकेत काम करणारा गुंड्या, असे चार पदवीधर मोबाइलवर पंचेचाळीस भागिले दोन करत बसले होते. आजी वाती वळत होती. ती मान वर न करता म्हणाली, ''साडेबावीस. निमकी येत नाही का रे एकालाही?''

त्यानंतर दहा मिनिटांत आजीने चौघांची शीटं तोंडी भरून दिली. फक्त एका गोष्टीवर ती अडली. पुस्तकात लिहिलंय की अपूर्णांक सोडून द्यायचा, साडेबावीसचे बावीस करायचे. ''आणि अर्धा कुठे गेला?'' तिने नान्याला विचारलं. नान्या म्हणाला, नियमच आहे तसा. ''प्रत्येक ओळीत अर्धा खाल्लाय,'' आजी म्हणाली. ''अमेरिकेचा माणूस हिशेबाला सरळ नाही.''

गुंड्याच्या बुद्धीचा आकडा काढायला दोन साधे फासे टाकले, तर दोन्हींवर एक्का. त्याची शक्यता छत्तीसात एक. त्यात सहा मिळवून पाचाने गुणलं की चाळीस होतात, आणि त्याहून कमी बुद्धी या खेळात मिळतच नाही. गुंड्या खूश. मागच्या खेळात सहा वर्षं तो रानटी योद्धा होता आणि त्याचं एकच वाक्य असायचं, 'मी दार फोडतो.'

दुसऱ्या रविवारी प्रत्यक्ष खेळ. नवशिक्यांसाठीच्या फुकट पुस्तिकेत बॉस्टनमधल्या झपाटलेल्या घराची गोष्ट आहे, तीच नान्याने घेतली. घरमालक येतो, भाडेकरू टिकत नाहीत म्हणून सांगतो, जरा बघून या म्हणतो. नान्याने आवाज खोल केला, दिवा मंद केला. वकीलीणबाईंनी पहिला प्रश्न टाकला, ''करार अकरा महिन्यांचा होता का?'' मग डिपॉझिट. मग पोलीस व्हेरिफिकेशन. मग इंडेक्स टू. भुताटकीत कुणालाच रस नव्हता, घराचं टायटल क्लिअर आहे का हे सगळ्यांना हवं होतं. नान्याने दिवा परत मोठा केला.

मी ग्रंथालयात गेलो. या खेळात दोन फासे मिळून शंभरापर्यंतचा आकडा देतात. फासे टाकले. अठ्ठ्याण्णव! चौघं एकदम ओरडलो, डॉक्टरने टाळी दिली, काका जिन्यात आले. नान्या शांत बसून होता. इथे आपल्या टक्क्यांच्या आत पडलं तर काम होतं, वर पडलं तर बोंब. जन्मभर पस्तीसच्या वर पडावेत म्हणून नवस बोलणारी माणसं आम्ही. पस्तीसच्या खाली पडल्यावर पेढे वाटायचे, हे मनाला पटायला वेळ लागतो. एकदा डॉक्टरचे दोन्ही फासे शून्यावर थांबले. आता शून्याहून कमी काय असणार, म्हणून तो उठून नाचला. तर नियमाप्रमाणे ते शंभर, म्हणजे सगळ्यात वाईट. ''शून्य-शून्याचे शंभर आमच्या बँकेत करून दाखव,'' गुंड्या म्हणाला.

या खेळात शुद्धीचेही आकडे असतात. भयंकर काही दिसलं की ते उतरतात. एका दणक्यात पाच किंवा जास्त उतरले तर बुद्धीवर फासे टाकायचे, आणि इथे त्या पीटरसनला मी मानलं. बुद्धी चालली, तर आपण काय पाहिलं ते तुम्हाला कळतं आणि वेड लागतं. नाही चालली, तर डोकं ते दडपून टाकतं आणि तुम्ही शाबूत. तळघरात वकीलीणबाईंना वेड लागलं, कारण बुद्धी ऐंशी. गुंड्याने तेच पाहिलं आणि 'ओल आली आहे' म्हणून पुढे गेला.

आणि मग तो पलंग. तो माझ्या अंगावर आला, मी चुकवायला गेलो. चुकवणं चाळीस टक्के. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दहाचा, एक एककाचा. दहाचा खास फासा आदल्या रविवारीच दिवाणाखाली गेला होता, म्हणून दोन सारखेच पांढरे घेतले होते आणि डावीकडचा दहाचा असं ठरलं होतं. एकावर तीन पडले, एकावर सहा.

''छत्तीस! वाचलो!'' मी म्हणालो.

''त्रेसष्ट,'' समोर बसलेला नान्या म्हणाला. ''पडलास.''

दोघांचंही डावीकडूनच वाचन होतं. फक्त टेबलाच्या मध्ये फासे होते आणि आम्ही समोरासमोर. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असंही म्हणायला शिकवलं, तेव्हा मी घरच्या ग्रुपवर मराठी बुडाल्याचं जाहीर केलं होतं. त्या दिवशी मी स्वतः 'तीस सहा, तीस सहा' असं ओरडत होतो. वकीलीणबाई वेड्या असूनही माझी बाजू घेऊन भांडल्या. डॉक्टर म्हणाला, परत टाका. नान्या म्हणाला, मग कीपर, म्हणजे गोष्ट सांगणारा, कशाला आहे? नान्याचा आणि माझा छत्तीसचा आकडा पडला, नेमका त्याला तो मान्य नव्हता.

शेवटी आजीला बोलावलं. ती टेबलाच्या आखूड बाजूला येऊन उभी राहिली, चष्मा वर केला.

''मला तर सहा वर दिसतोय आणि तीन खाली,'' ती म्हणाली. ''बाळ, तू पड. कुकर लावायचाय मला.''

मी पडलो. वर सगळं शांत झालं. नान्याने गुंड्याला विचारलं, तू काय करतोस? इतका वेळ तो भडंगातले शेंगदाणे वेचत होता.

''पलंग रिकामा झालाय ना?'' तो म्हणाला. ''मग मी जरा आडवा होतो.''