खुलासा : गॅलिलिओचा खटला अणूंसाठी नव्हता

‘अणू मानले म्हणून चर्चने गॅलिलिओला शिक्षा केली, विद्यापीठांतले पंडित ॲरिस्टॉटलची पोपटपंचीच करत होते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे.

पहिला भाग चूक. 1633 च्या खटल्यातला आरोप पृथ्वी फिरते या मताबद्दल होता. अणुवादाचा, म्हणजे पदार्थ सूक्ष्म, अविभाज्य कणांचे बनतात या मताचा, मोठा पुरस्कर्ता पिएर गासेंदी तर स्वतः कॅथलिक पाद्री होता.

दुसरा अर्धवट. 1624 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ॲरिस्टॉटलविरोधी शिकवणीवर बंदी घातली, तीही देहदंडाची धमकी देऊन, हे खरे. पण ॲरिस्टॉटलच्या मते सर्व वस्तू ज्यातून घडतात ते मूळ द्रव्य म्हणजे काय, यावरच पंडितांची जुंपलेली असे. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसच्या मते ते निव्वळ शक्यता. आकाराविना, म्हणजे वस्तूला ती वस्तू बनवणाऱ्या तत्त्वाविना, त्याला अस्तित्वच नाही. स्पॅनिश जेझुइट पंडित सुआरेझने 1597 मध्ये मांडले, की त्याला स्वतःचे, दुबळे का होईना, अस्तित्व आहे.

जर्मनीतल्या विटेनबर्गचा प्राध्यापक डॅनिएल सेनर्ट याहून गमतीचा. त्याने चांदी आम्लात विरघळवली, द्राव कागदातून गाळला आणि त्यातून चांदी परत मिळवली. म्हणजे तिचे सूक्ष्म कण आत शाबूतच होते! तरी त्या कणांना ॲरिस्टॉटलचे आकारतत्त्व चिकटवायला तो विसरला नाही. आता याला अणुवाद्यांत बसवायचे की ॲरिस्टॉटलवाद्यांत, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनीच सांगावे.