स्क्रीन आली म्हणून पेनल्टीचा वाद मिटत नाही

पुण्यातल्या फुटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. कोथरूडच्या टर्फवाल्यांकडून कॅम्पातल्या जुन्या खेळाडूंकडे आणि तिथून पिंपरीच्या लीगवाल्यांकडे, असा त्याचा प्रवास. गोषवारा असा: व्हिडिओ रिव्ह्यू, म्हणजे व्हीएआर, असताना पेनल्टीचा निर्णय चुकूच शकत नाही. पायाला पाय लागलेला, हाताला बॉल लागलेला स्लो मोशनमध्ये साऱ्या जगाला दिसतो. निर्णय मैदानावरचा रेफरी घेतच नाही, बंद खोलीतली माणसं घेतात. क्रिकेटसारखा रिव्ह्यू मागायचा हक्कही टीमला नाही. म्हणजे जे चुकतं ते मुद्दाम चुकवलेलं. आपल्याकडे व्हीएआर आणा, रेफरींची मनमानी बंद होईल. खाली नेहमीचं ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, तरी पुढे पाठवतोय. फक्त उत्तर जोडून.

‘चुकूच शकत नाही’ हे पहिलं वाक्यच घ्या. अचूक निर्णय शोधून काढणं हे व्हीएआरचं काम, असं धरून चाललं की हे सुचतं. नियमात तसं काही नाही. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबीने मार्च २०१८मध्ये व्हीएआरला नियमांत जागा दिली, तेव्हा चारच प्रसंग त्याच्या हवाली केले: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एकाचं कार्ड भलत्यालाच दाखवलं जाणं. त्यातही रेफरीची चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल, किंवा गंभीर प्रकार त्याच्या नजरेतून सुटलाच असेल, तरच मध्ये पडायचं.

म्हणजे खोलीत बसलेला माणूस ‘ही पेनल्टी आहे का?’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘रेफरीने जे दिलं ते धडधडीत चूक आहे का?’ त्यामुळे एकाच धक्क्यावर रेफरीने पेनल्टी दिली तर ती राहते आणि नाही दिली तर ‘नाही’ राहतं, असं होऊ शकतं. याचा राग येतो, मान्य. रात्री दीडला सुरू झालेली मॅच डोळे चोळत बघणाऱ्याला तर जास्तच येतो. पण क्रिकेटचा दाखला देणाऱ्यांनी ‘अंपायर्स कॉल’ आठवावा. बॉल स्टंपला निसटता लागताना दिसतो. अंपायरने बाद दिलं असेल तर बाद, नाबाद दिलं असेल तर नाबाद. आपल्या क्रिकेट बोर्डाने २०१६पर्यंत डीआरएसशी हुज्जत घातली, मग ते स्वीकारलं, आणि आता शाळकरी पोरंही हा नियम समजावून सांगतात.

स्लो मोशनचा मुद्दा मात्र नीट उकलायला हवा, कारण या मजकुराचं सगळं बळ त्यातच आहे. व्हीएआरच्या कार्यपद्धतीत स्पष्ट लिहिलंय की मंद गतीचा उपयोग वस्तुस्थिती तपासण्यापुरता करायचा: पाय नेमका कुठे लागला, बॉल हाताला लागला की मांडीला, प्रकार गोलपुढच्या पेनल्टी बॉक्सच्या आत घडला की बाहेर. धक्क्याचा जोर किती होता, हात लागणं हा गुन्हा ठरतो का, हे साध्या वेगात बघायचं. मंद गतीत वेळ ताणला जातो. डिफेंडरला विचार करायला जणू अर्धा दिवस होता आणि तरी त्याने हात काढला नाही, असं वाटू लागतं. प्रत्यक्षात सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन गेलेलं असतं.

शिवाय पायाला पाय लागणं म्हणजे फाउल नव्हे. फाउल ठरायला त्यात निष्काळजीपणा, बेदरकारपणा किंवा नको इतका जोर लागतो. २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये कोस्टा रिकाविरुद्ध ब्राझीलचा नेमार बॉक्समध्ये मागच्या मागे पडला. डच रेफरी ब्यॉर्न कायपर्स यांनी पेनल्टी दिली आणि स्क्रीन पाहून ती परत घेतली. कोस्टा रिकाच्या खेळाडूचा हात नेमारला लागला होता, हे कोणीच नाकारलं नाही. इतक्याने माणूस असा पडत नाही, एवढंच स्क्रीनने दाखवलं. व्हीएआर फक्त पेनल्ट्या वाढवतो म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. त्या स्पर्धेत विक्रमी २९ पेनल्ट्या दिल्या गेल्या, हे मात्र खरं.

हँडबॉलचं याहून नाजूक. हाताला बॉल लागला की पेनल्टी, हा गल्लीतला नियम. पुस्तकातला नियम विचारतो: हात मुद्दाम नेला का? की हाताच्या ठेवणीमुळे शरीर अनैसर्गिकपणे मोठं झालं? त्याच वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये फ्रान्सच्या कॉर्नरवर मातुइदीने हवेत उडी मारली, बॉल त्याला चुकवून मागे असलेल्या क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हातावर आदळला. पेनल्टी आधी दिली गेली नव्हती. व्हीएआरने बोलावल्यावर अर्जेंटिनाचे रेफरी नेस्टर पिटाना स्क्रीनपाशी गेले, पाहिलं, मैदानाकडे निघाले, पुन्हा माघारी वळून पाहिलं आणि मग पेनल्टी दिली. १-१चे २-१ झाले. शेवटी फ्रान्स ४-२ने जिंकला. वर्ल्ड कप फायनलचा रेफरी, हवे तितके कॅमेरे, आणि तरी त्याला दुसऱ्यांदा वळावं लागलं. बॉल हाताला लागला, यावर मैदानात कोणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न त्याचा अर्थ काय लावायचा, हा होता, आणि तो कॅमेरे वाढवून सुटत नाही. मला विचाराल तर ती पेनल्टी देणं जरा जास्तच कडक होतं. माझ्या शेजारी बसून मॅच बघणाऱ्याला ती सरळ वाटली. आम्ही दोघांनी तोच रिप्ले पाहिला होता.

‘निर्णय खोलीतले घेतात’ यात अर्धं तथ्य आहे. नियमाने खोलीतला माणूस फक्त शिफारस करतो. शेवटचा शब्द रेफरीचा. ऑफसाइड किंवा बॉक्सच्या आत-बाहेर अशा वस्तुस्थितीच्या गोष्टींसाठी रेफरीने स्क्रीनकडे जायचं कारण नसतं, फाउलच्या किंवा हँडबॉलच्या अर्थासाठी मात्र तो सहसा जातो. एकदा स्क्रीनपाशी गेलेला रेफरी आपलंच खरं करून परत आल्याचं क्वचितच दिसतं, ही तक्रार रास्त आहे. स्टेडियममधल्या प्रेक्षकाला काय चाललंय ते कळत नाही, हीसुद्धा. त्यावर फिफाने २०२३पासून रेफरीला माइकवर निर्णय जाहीर करायला लावून थोडा उपाय केला. आणि रिव्ह्यू मागायचा हक्क? २०२४मध्ये कोलंबियातल्या वीस वर्षांखालील महिलांच्या वर्ल्ड कपमध्ये कोचला प्रत्येक सामन्यात दोनदा रिव्ह्यू मागता येईल, अशी वेगळी पद्धत वापरून झाली आहे.

‘जे चुकतं ते मुद्दाम’ यावर फार शब्द खर्चायची गरज नाही. सप्टेंबर २०२३मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासचा वैध गोल ऑफसाइड ठरवून रद्द झाला. व्हीएआरला, म्हणजे खोलीतल्या रेफरीला, चित्र बरोबर दिसलं होतं. मैदानावर गोल दिलाय असं समजून त्याने ‘तपासणी पूर्ण’ कळवलं, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर नियमाने मागे जाता येईना. त्या संभाषणाचं रेकॉर्डिंग रेफरींच्या संस्थेने खुलं केलं. ऐकताना कटाचा नव्हे, गोंधळाचा आवाज येतो. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर बंद करण्याचा ठराव वुल्व्ह्जने मांडला, तेव्हा बाकीचे १९ क्लब विरोधात गेले. ज्यांचा गोल गेला ते लिव्हरपूलही त्यात होते.

राहिलं आपल्याकडचं. बालेवाडीत एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, खेळायची तेव्हा व्हीएआर नव्हता, आणि वाद होतेच. पण आयएसएलमधला सर्वांत गाजलेला वाद बघा: मार्च २०२३, बेंगळुरू, जादा वेळेत सुनील छेत्रीने पटकन घेतलेल्या फ्री किकवर गोल, आणि केरळ ब्लास्टर्सची टीम मैदान सोडून चालती झाली. फ्री किक लगेच घेऊ द्यायची की शिट्टीची वाट पाहायला लावायची, हा त्या क्षणी रेफरीने घ्यायचा निर्णय. तो कुठल्या स्क्रीनवर सापडणार?

जिल्ह्याच्या मॅचला तर कॅमेरा म्हणजे एखाद्या पालकाचा मोबाइल. (प्रेक्षकांच्या बाबतीत पुण्याने कोल्हापूरपुढे हातच जोडावेत, पण मोबाइल काढण्यात आपण मागे नाही.) पेनल्टी नाकारली की तो मोबाइल रेफरीच्या नाकासमोर येतो. रेफरीला तो बघायची मुभा नाही. नेमून दिलेल्या यंत्रणेबाहेरचं चित्र निर्णयासाठी चालत नाही. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘अहो, पण दिसतंय ना!’ दिसतं ते एकाच कोनातून, तेही गोलच्या मागून. डिफेंडरने पाय आडवा घातला की पोराने स्वतःच पाय मागे ठेवून अडकवून घेतला, हे तिथून ओळखू येत नाही.